अ‍ॅक्सोलॉटलची पिल्ले एकाएकी दगावली. उरलेल्यांना कसे जपावे?

चांदणवेल
चार दिवसांत माझ्या टाकीतली, पाण्यातच राहणाऱ्या कल्लेधारी उभयचराची म्हणजे अ‍ॅक्सोलॉटलची दोन पिल्ले दगावली. उरलेल्या तिघांकडे पाहून जिवाची घालमेल होते आहे, म्हणून हा धागा काढत आहे. पाचही पिल्ले एकाच अंडीपुंजातली होती, सात आठवड्यांपूर्वी माझ्याकडे आली आणि आता साधारण सहा-सात सेंटिमीटरची झाली होती. टाकी ६० सेंटिमीटर लांबीची आहे, तिच्यात सुमारे ५५ लिटर पाणी असते, हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर आहे आणि तळाशी बारीक रेव आहे. खाणे म्हणजे गोठवलेले ब्लडवर्म (डासासारख्या माशीच्या लाल अळ्या) आणि चिरलेली गांडुळे, दिवसातून दोनदा.

रविवारी मी संपूर्ण टाकी स्वच्छ केली होती आणि पाणी काचेसारखे नितळ आहे, त्यामुळे अस्वच्छतेचा प्रश्न नसावा. बुधवारी सकाळी पहिले पिल्लू तळाशी निपचित आढळले. कल्ल्यांचे लाल झुपके फिके पडून मानेला चिकटले होते आणि शेपटीचे टोक आकड्यासारखे वळले होते. दुसरे आज पहाटे गेले. काल संध्याकाळपर्यंत ते गांडुळाचा तुकडा तोंडात घेत होते आणि लगेच बाहेर टाकत होते. अंगावर जखम नव्हती, बुरशीही दिसली नाही. माझे काय चुकले आणि या तिघांसाठी आज, आत्ता काय करावे, हे कृपया सांगावे.

कासवगती
चांदणवेल, वाचून फार वाईट वाटले. कारणांची चर्चा पुढे होईलच, पण पिल्लांना आधी त्या टाकीतून बाहेर काढा. प्रत्येकासाठी एक झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तो साबण न लावता धुतलेला असावा. त्यात क्लोरीन काढलेले आणि टाकीच्याच तापमानाचे पाणी भरा. दर चोवीस तासांनी ते सगळे पाणी बदला, आणि नवे पाणी आदल्या दिवशीच तयार करून डब्यांशेजारी ठेवत जा, म्हणजे दोन्हींच्या तापमानात फरक राहणार नाही. डबे अंधारात, शांत जागी ठेवा. जाळीने पकडू नका, कल्ल्यांचे झुपके तिच्यात अडकून फाटतात. लहान भांडे पाण्यात बुडवून पिल्लासकट उचला.

मग सवडीने चार गोष्टी सांगा. पाण्याचे तापमान किती आहे? अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे दाखवणारा आकडा) यांचे आकडे काय आहेत? टाकीत पिल्ले सोडण्यापूर्वी ती किती आठवडे चालवली होती? आणि रविवारी ‘संपूर्ण स्वच्छ केली’ म्हणजे नेमके काय काय केले?

मृगजळ
मला हा बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग वाटतो. सुरुवातीला बुरशी डोळ्यांना दिसत नाही. तिन्ही पिल्लांना मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून नंतर मिथिलीन ब्लू या बुरशीनाशक रंगाच्या सौम्य द्रावणात ठेवावे, म्हणजे एकाचा रोग दुसऱ्याला लागणार नाही.

शंखपुष्पी
मृगजळ यांच्याशी मी असहमत आहे, आणि विषय जिवाचा असल्यामुळे ते स्पष्ट सांगते. अ‍ॅक्सोलॉटल उभयचर आहे. त्याची त्वचा पातळ आणि पारगम्य असते, श्वसनाचा काही भाग तो त्वचेतूनच करतो, म्हणून पाण्यात जे घालाल ते माशापेक्षा कितीतरी सहजतेने त्याच्या शरीरात जाते. सॅप्रोलेग्निया जातीची बुरशी कल्ल्यांवर किंवा जखमेवर कापसाच्या पांढऱ्या बोळ्यासारखी दिसते. ती दिसल्यावर मिठाच्या स्नानाचा विचार जरूर व्हावा, मीही तो उपाय केलेला आहे. पण जखम नाही, बुरशी नाही, आणि पिल्लू आधीच गलितगात्र झालेले आहे, अशा वेळी मिठाचा मारा म्हणजे दुखण्यावर आणखी एक दुखणे. माशांसाठी मिळणारी तांब्याची किंवा मॅलाकाइट ग्रीनची औषधे तर अजिबात वापरू नयेत.

तळ्यातला_दगड
माझे लक्ष रेवेवर गेले. अ‍ॅक्सोलॉटल चावून खात नाही, तोंड झटकन उघडून पाण्यासकट खाद्य आत ओढतो, आणि तळाशी जे असेल तेही त्याबरोबर पोटात जाते. माझे आठ सेंटिमीटरचे पिल्लू असेच गेले. ते आठवडाभर काही खात नव्हते, मग एका कुशीवर तरंगू लागले, आणि प्राण्यांच्या डॉक्टरांनी मरणोत्तर तपासणी केली तेव्हा आतड्यात वाटाण्याएवढा खडा अडकलेला निघाला. तेव्हापासून पिल्ले बारा-पंधरा सेंटिमीटरची होईपर्यंत मी टाकीचा तळ उघडाच ठेवतो आणि नंतरही फक्त अगदी बारीक वाळू घालतो. चांदणवेल, या मृत्यूंचे कारण रेव असो वा नसो, ती आजच काढून टाका.

गोगलगाय
रेवेबद्दल अनुमोदन. एक शंका विचारते. पिल्लांचे पाय, शेपट्या शाबूत आहेत का? या वयात ती समोर जे हलेल त्यावर झडप घालतात, मग ते गांडूळ असो की भावंडाचा पाय. आकारात फरक पडला की मोठे पिल्लू लहानाला खाऊ देत नाही आणि लहान हळूहळू खंगत जाते. मी खाऊ घालण्याच्या वेळी प्रत्येकाला वेगळे काढत असे.

चांदणवेल
सर्वांचे मनापासून आभार. दुपारीच तिघांना वेगवेगळ्या डब्यांत हलवले आहे. प्रश्नांची उत्तरे देते.

तापमान २३ अंश सेल्सिअस आहे, गेल्या आठवड्यात ते दोन वेळा २४ वर गेले होते. टाकी पिल्ले येण्यापूर्वी दहा दिवस चालू होती. पाण्याच्या चाचणीचा संच माझ्याकडे नाही, तो आज मागवला आहे. उरलेल्यांपैकी सर्वांत लहान पिल्लाचा पुढचा डावा पाय कोपरापासून नाही. ते मला आज डब्यात वरून पाहताना प्रथमच लक्षात आले आणि त्याचे फार वाईट वाटले.

रविवारी काय केले ते नीट आठवून लिहिते. दोन तृतीयांश पाणी काढले. रेव बादलीत घेऊन धुतली. काचा पुसल्या. फिल्टरचा स्पंज पिळला तेव्हा त्यातून काळपट तपकिरी गाळ निघू लागला, तो पाहून मला किळसही आली आणि अपराधीही वाटले, म्हणून पाणी स्वच्छ येईपर्यंत तो नळाखाली पंधरा-वीस वेळा पिळला. टाकीत भरलेल्या नव्या पाण्यात क्लोरीन काढणारे द्रावण मात्र न विसरता घातले होते.

कासवगती
चांदणवेल, उत्तर तुमच्या शेवटच्या परिच्छेदात आहे असे मला वाटते. तुम्ही हे मनापासून काळजी घेण्यासाठीच केले, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पिल्लांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून आणि त्यांच्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर पडत असतो. तो रंगहीन असतो आणि पाण्यात पूर्ण विरघळतो, म्हणून पाणी काचेसारखे नितळ दिसत असतानाही ते पिल्लांचे कल्ले जाळत असते. चालू टाकीत हा अमोनिया जिवाणूंचा एक गट खातो आणि त्याचे नायट्राइट करतो. तेही विषारी असते, ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती काढून घेते. जिवाणूंचा दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो, जे त्या मानाने सौम्य असते आणि पाणी बदलून काबूत ठेवता येते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागांना चिकटून राहतात, आणि सर्वांत जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात. तुम्हाला ज्याची किळस आली त्या तपकिरी गाळातच तुमच्या टाकीचे रक्षणकर्ते होते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेले असते, त्यामुळे त्या पंधरा-वीस पिळण्यांत त्यांतले बरेचसे धुपून गेले असतील किंवा मेले असतील. रेवही त्याच दिवशी धुतल्यामुळे दुसरा आसराही उरला नाही. रविवारपासून पाच पिल्लांचा अमोनिया साचत राहिला आणि बुधवारी पहिले पिल्लू गेले. हा हिशेब बरोबर जुळतो.

स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, दोन-तीनदा हलकेच दाबून. पाण्याचा प्रवाह मोकळा झाला की थांबायचे. तपकिरी रंग राहिलाच पाहिजे.

पानगळ
वरचा प्रतिसाद वाचून मी आत्ताच उठून माझ्या स्पंजची बादली वेगळी काढली आणि तिच्यावर खूण केली. वाचनखूण साठवली आहे.

सूक्ष्मदर्शी
कासवगती यांचे विवेचन अचूक आहे, परंतु सगळे खापर एका स्पंजवर फोडू नये असे मला वाटते. दहा दिवसांत टाकी पक्व होत नाही, म्हणजे हे जिवाणू पुरेसे वाढत नाहीत; त्याला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. म्हणजे ही पिल्ले पहिल्या दिवसापासून अर्ध्याकच्च्या टाकीत होती, आणि लहान असताना त्यांचा मळ कमी होता म्हणून ते निभावले. पिल्ले वाढली, खाणे वाढले, तोवर जिवाणू कसेबसे त्यांच्या बरोबरीने आले होते, आणि तेवढ्यात स्पंज धुतला गेला.

दुसरी गोष्ट तापमान आणि पीएच यांची. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक बरेचसे निरुपद्रवी, दुसरे अत्यंत विषारी. पीएच ७ असताना, २० अंशाला, विषारी रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आत असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा चार टक्क्यांच्या जवळ जातो, म्हणजे जवळजवळ दसपट. तापमान वाढले की तो आणखी वाढतो, आणि कोमट पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. त्यामुळे २३-२४ अंशांच्या पाण्यात कल्ले जळालेल्या पिल्लाला दोन्हीकडून मार बसतो.

संच आला की अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच या चारही चाचण्या करा. थेंब टाकून रंग पाहायचा द्रवरूप संच घ्या, कागदी पट्ट्यांवरून बारीक फरक कळत नाही. आणि मोजण्यासाठी टाकीतले पाणी फेकू नका, ते तसेच राहू द्या, म्हणजे पिल्ले कशात होती हे कळेल.

राजहंस
तापमानाचा विषय निघालाच आहे तर त्यामागचे कारणही लिहितो, कारण ते कळले की पाणी १६ ते १८ अंशांतच ठेवण्याचा आग्रह कोरडा नियम वाटत नाही. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्को सरोवराचा. ते खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उष्ण कटिबंधात असूनही तिथले पाणी थंडच राहते. त्या पाण्यात अ‍ॅक्सोलॉटल आयुष्यभर डिंभक (म्हणजे पिल्लाच्या) रूपातच राहतो, बाह्यकल्ले ठेवूनच प्रौढ होतो आणि प्रजननही करतो. १८६४ मध्ये ३४ अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला नेले गेले आणि आज प्रयोगशाळांत व घरांत असलेले बहुतेक त्यांच्याच वंशातले मानले जातात. सोचिमिल्कोत मात्र प्रदूषण आणि बाहेरून आणून सोडलेले मासे यांमुळे ते आता नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या टाकीतली पिढी कित्येक पिढ्यांपासून काचेत वाढलेली असली तरी तिचे शरीर त्या थंड सरोवराचेच आहे.

पाणी थंड ठेवण्यासाठी टाकीवरचे झाकण काढून जाळी बसवावी आणि पृष्ठभागावर तिरका वारा येईल असा लहान पंखा लावावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात, फक्त कमी झालेले पाणी रोज भरावे लागते. दिवे कमी ठेवावेत. हवामान फारच उष्ण असेल तर पाणी थंड करणारे यंत्र घेतल्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते शक्य नसेल तर हा प्राणी पाळू नये असे माझे प्रामाणिक मत आहे.

पानगळ
बर्फाची बाटली टाकीत सोडली तर चालते का? आणि आजारी अ‍ॅक्सोलॉटलला डब्यासकट फ्रिजमध्ये ठेवतात असेही वाचले होते.

शंखपुष्पी
पानगळ, बाटलीने तापमान झपाट्याने उतरते आणि ती वितळली की पुन्हा चढते. पिल्लांना तो चढउतार स्थिर २१ अंशांपेक्षा अधिक जाचतो. अगदी निकराच्या दिवशी लहान बाटली, थर्मामीटरवर नजर ठेवून, एवढेच. फ्रिजचा उपाय पूर्वी पूर्ण वाढलेल्या अ‍ॅक्सोलॉटलांसाठी, अडकलेला खडा बाहेर पडावा वगैरे कारणांसाठी सुचवला जाई. पाच-सहा अंशांना पचन आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात, म्हणून खंगलेल्या पिल्लाला मी कधीही तिथे ठेवणार नाही.

अनाहूत
एक मुद्दा राहिला आहे. टाकीच्या खोलीत डास किंवा झुरळे मारण्याचे औषध फवारले होते का? त्यांतली बरीचशी पायरेथ्रॉइड वर्गातली असतात आणि पाण्यातल्या जिवांना अत्यल्प मात्रेतही घातक ठरतात. हवेचा पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे झाकण असूनही उपयोग होत नाही.

चांदणवेल
अनाहूत, फवारणी झालेली नाही, तरीही सूचनेबद्दल आभारी आहे.

वाईट बातमी आधी सांगते. पाय नसलेले सर्वांत लहान पिल्लू काल रात्री गेले. शेवटच्या तासाभरात ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होते आणि मी शेजारी बसून पाहण्यापलीकडे काही करू शकले नाही.

संच आज आला. जुन्या टाकीतल्या पाण्याचे आकडे असे आहेत: अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम, नायट्राइट ०.२५, नायट्रेट ५, पीएच ८. अमोनियाच्या नळीतले पाणी पाच मिनिटांत पिवळ्याचे हिरवे होताना पाहिले आणि एकदम सगळे उलगडले. माझ्या डोळ्यांना जे पाणी सर्वांत स्वच्छ दिसत होते, तेच हे पाणी होते.

उरलेली दोघे डब्यात आहेत. एकाने आज दोन ब्लडवर्म खाल्ले. दुसऱ्याचे कल्ले अजून पुढे वळलेले आहेत. यांना टाकीत परत कधी सोडावे आणि टाकी पुन्हा कशी तयार करावी?

गोगलगाय
चांदणवेलताई, तुम्ही शेवटपर्यंत त्याच्याजवळ बसून होतात, हे वाचून डोळे भरून आले. खाणाऱ्या पिल्लाला हळूहळूच वाढवा, उरलेला तुकडा अर्ध्या तासात ड्रॉपरने काढून टाका. जिवंत डॅफ्निया (पाण्यातले पिसवांसारखे बारीक जीव) मिळाल्या तर फार बरे. त्या हलत राहतात म्हणून आजारी पिल्लूही त्यांच्यावर तोंड टाकते, आणि खाल्ल्या गेल्या नाहीत तरी लगेच सडत नाहीत.

मृगजळ
आकडे पाहून माझे मत बदलले आहे. संसर्ग असता तर अमोनिया एवढा दिसला नसता असे नाही, पण एवढा अमोनिया असताना संसर्ग शोधत बसण्याची गरज नाही, हे पटले. शंखपुष्पी यांनी वेळीच अडवले ते बरे झाले.

सूक्ष्मदर्शी
टाकी पुन्हा तयार करताना तिच्यात एकही प्राणी नसावा. सगळे काही निर्जंतुक करण्याचा मोहही टाळा. स्पंजमध्ये जे थोडे जिवाणू तगले असतील ते वाचवायचे आहेत. फिल्टर अखंड चालू ठेवा आणि जिवाणूंना खाद्य म्हणून शुद्ध, सुगंध किंवा साबण नसलेले अमोनियाचे द्रावण मोजून घाला, म्हणजे पाण्यात अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम होईल. रोज मोजा. तो उतरला की पुन्हा तेवढाच घाला. आधी नायट्राइट चढेल, मग तेही उतरू लागेल आणि नायट्रेट वाढेल. घातलेला २ मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही शून्य राहते, असे सलग आठवडाभर दिसले की टाकी तयार झाली. मग मोठा पाणीबदल करून नायट्रेट २० च्या आत आणा आणि त्यानंतरच पिल्ले सोडा. निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज कोणाकडून मिळाला तर हे काम लवकर होते, पण त्याबरोबर रोगही येऊ शकतो, म्हणून त्या टाकीत अलीकडे आजारपण झालेले नाही याची खात्री करा.

कासवगती
त्यात एवढीच भर घालतो की तोवर डबा ही शिक्षा नाही. रोज ताजे पाणी मिळणारे पिल्लू डब्यात महिनोन्महिने उत्तम वाढते. पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरले जात असेल तर ते नुसते रात्रभर ठेवून उडून जात नाही, त्यासाठी द्रावण घालावेच लागते, आणि क्लोरामाइन तुटताना त्यातला थोडा अमोनिया सुटतो, म्हणून तोही बांधून ठेवणारे द्रावण निवडा. आणि नवी पिल्ले सध्या आणू नका. त्या टाकीत दोघेच पुष्कळ आहेत, खरे तर मोठी झाल्यावर त्यांनाही ती अपुरी पडेल.

चांदणवेल
सात आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण धागा अर्धवट सोडणे योग्य वाटले नाही.

दोन्ही पिल्ले जगली आहेत. पहिले साडेदहा सेंटिमीटरचे आहे, दुसरे नऊचे. टाकीला तयार व्हायला अडतीस दिवस लागले; एकविसाव्या दिवसापर्यंत नायट्राइट हटता हटत नव्हते आणि मी निराश झाले होते, मग चार दिवसांत ते शून्यावर आले. आता तळ उघडा आहे, लपायला मातीची दोन नळकांडी ठेवली आहेत, मध्ये जाळीची आडभिंत आहे, पंख्यामुळे तापमान १८ वर टिकले आहे आणि आजचे आकडे अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १५ असे आहेत. दर रविवारी एक चतुर्थांश पाणी बदलते. स्पंज गेल्या आठवड्यात टाकीच्याच पाण्यात दोनदा दाबला आणि तपकिरी तसाच परत बसवला.

एक प्रश्न अजून आहे. लहानाने आडभिंतीच्या जाळीत अडकून उजव्या मागच्या पायाची दोन बोटे गमावली होती. तिथे आता कोंबासारखे पारदर्शक टोक आले आहे आणि त्यात भिंगातून बारीक लाल रेघ दिसते. याला वेगळे काढावे, की राहू द्यावे?

शंखपुष्पी
राहू द्या. तिथे बोटे पुन्हा उगवत आहेत, आणि ती लाल रेघ म्हणजे नवी रक्तवाहिनी. पांढरा कापूस दिसत नाही आणि ते खाते आहे, तोवर हात लावू नका. फक्त जाळीच्या कडा सिलिकॉनची नळी चिरून झाकून टाका.

चांदणवेल
कडा आजच झाकते. बोटे आली की फोटो टाकेन.